जीव वाचवताना हात उचलला तर

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचे नागपूरच्या इतवारी बाजारात ठोक किराणा मालाचे दुकान आहे. रात्री उशिरा दिवसाचा गल्ला घेऊन ते स्कूटरने घरी निघतात. मध्यंतरी दोन पोरांनी मोटारसायकल आडवी घालून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. मागून ट्रक आला म्हणून ते निसटले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात काही प्रश्न घर करून बसले आहेत. स्वतःचा जीव वाचवायला कायदा कुठवर मुभा देतो? झटापटीत समोरचा मेला तर काय? पळून जाता येत असेल तर पळायलाच हवे का? रात्री घरात चोर शिरला तर? आणि त्यांचा मुलगा म्हणतो की खिशात चाकू ठेवतो, तर ठेवावा का?

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूची वकिली करतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्यांत काही माणसे अशी असतात की ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला शिवीही दिलेली नसते. एका रात्री कोणीतरी अंगावर आले, हातात मिळेल ते उचलले, आणि सकाळी ते पोलीस कोठडीत होते. अशा माणसांसाठीच मी हे सविस्तर लिहितो आहे. घटना घडून गेल्यावर कायदा समजून फारसा उपयोग होत नाही.

आधी पाया. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेत खाजगी संरक्षणाच्या हक्काची कलमे 96 ते 106 होती, नव्या संहितेत ती 34 ते 44 आहेत. आकडे बदलले, आशय जवळजवळ तोच राहिला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आजही तितकेच कामाचे आहेत. पहिलेच कलम, म्हणजे 34, एका ओळीचे आहे: खाजगी संरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट अपराध होत नाही. ही ओळ नीट वाचा. इथे शिक्षेत सूट दिलेली नाही, दयाही दाखवलेली नाही. हक्काच्या मर्यादेत राहून केलेली कृती मुळात गुन्हाच ठरत नाही. आणि हा हक्क फक्त स्वतःच्या शरीरापुरता नाही. शेजाऱ्याचे, वाटसरूचे, अगदी अनोळखी माणसाचे शरीर वाचवायलाही तो आहे. स्वतःची किंवा दुसऱ्याची मालमत्ता चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि गुन्हेगारी अतिक्रमणापासून वाचवायलाही आहे. समोरचा दारू पिऊन तर्र असला किंवा वेडाच्या भरात असला, आणि त्यामुळे त्याला स्वतःला गुन्हेगार ठरवता येत नसले, तरी तुमचा बचावाचा हक्क शाबूत राहतो.

समोरचा मेला तर? कलम 38 मध्ये शरीरावरच्या हल्ल्याचे सात प्रकार दिले आहेत, ज्यांत बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही. मरण येईल अशी वाजवी भीती. जबर दुखापत होईल अशी भीती. बलात्काराच्या इराद्याने हल्ला. अनैसर्गिक वासनेपोटी हल्ला. पळवून नेण्याच्या इराद्याने हल्ला. कोंडून ठेवण्याच्या इराद्याने असा हल्ला की सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही. आणि ॲसिड फेकणे किंवा पाजणे. हा सातवा प्रकार 2013 च्या दुरुस्तीने आला. या सातांत न बसणाऱ्या हल्ल्याला, समजा कोणी तुम्हाला थप्पड मारली किंवा धक्काबुक्की केली, प्रतिकार करता येतो, पण जीव घेण्यापर्यंत जाता येत नाही.

आता ‘वाजवी भीती’. सगळा खटला या दोन शब्दांवर फिरतो. हक्क सुरू व्हायला तुम्हाला जखम झालेली असावी लागत नाही. हल्ल्याचा प्रयत्न किंवा धमकी यातून धोक्याची वाजवी भीती वाटली की कलम 40 प्रमाणे हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. चाकू पोटात जाईस्तोवर वाट पाहा, असे कायदा कोणालाही सांगत नाही. शिवाय त्या क्षणी तुम्ही कुठे होतात, किती अंधार होता, समोर किती जण होते, तुमचे वय काय, हे सगळे न्यायालयाने तुमच्या जागी उभे राहून पाहायचे असते. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची 10 सूत्रे एकत्र मांडली आहेत. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रतिकाराची ताकद तराजूत तोलून वापरावी अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून नाही, हा त्यातला मुद्दा मी जामिनाच्या अर्जापासून अंतिम युक्तिवादापर्यंत वापरतो. कायदा घाबरलेल्या माणसाला समजून घेतो. त्याला समजत नाही ती फक्त एकच गोष्ट: धोका संपल्यानंतर चालू राहिलेला हात.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मुद्दे तेच ठेवले आहेत. शहराच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत पिठाची गिरणी. रात्री गिरणीवाला शटर ओढत असताना दोघे आले, पैसे मागू लागले. बाचाबाची झाली, एकाने चाकू काढला. गिरणीवाल्याच्या हातात शटर खाली ओढायचा लोखंडी आकडा होताच. त्याने तो फिरवला आणि चाकू खाली पडला. दुसरा पोरगा पळाला. ज्याचा चाकू पडला तो मात्र वाचला नाही. मी कोठडीत भेटायला गेलो तेव्हा गिरणीवाला एवढेच म्हणाला, “त्यानं चाकू काढला ना जी वकीलसाहेब, मंग माहा हात थांबलाच नाही.”

खटल्यात हे वाक्य कागदावर कसे उतरले ते पाहा. शवविच्छेदनाच्या अहवालात 17 नंबरचा रकाना बाहेरच्या जखमांचा असतो. आम्ही वकील सगळ्यात आधी तोच उघडतो. तिथे तीन जखमा होत्या. पहिली उजव्या मनगटावर, हाड मोडलेले. दुसरी कपाळाच्या डाव्या बाजूला. तिसरी डोक्याच्या मागे, कवटी फुटलेली, आणि मृत्यूचे कारण तीच. मनगटावरचा फटका चाकू पाडण्यासाठीचा, याबद्दल सरकारी वकिलांनाही फारसे बोलता आले नाही. कपाळावरचा फटका समोरासमोरचा. तिथेही झटापट चालू होती असे म्हणता येते. पण डोक्याच्या मागे जखम कधी होते? माणूस वळलेला असताना किंवा पडलेला असताना. त्यात घटनास्थळाच्या पंचनाम्यात चाकू गिरणीच्या ओट्याजवळ मिळाला होता आणि रक्ताचे थारोळे तिथून चांगले दहा-बारा पावले पुढे, रस्त्यावर. म्हणजे चाकू इथे पडला, माणूस तिथे मेला. ही मधली दहा-बारा पावले खटल्यात सगळ्यात महाग पडली.

न्यायालयाने हल्ला झाला हे मानले, बचावाचा हक्क सुरू झाला हेही मानले, आणि शेवटचा फटका हक्क संपल्यावरचा आहे असे म्हटले. तरीही तो खून ठरला नाही. कलम 101 मध्ये खुनाच्या व्याख्येला अपवाद आहेत. त्यातला दुसरा असा: सद्भावनेने, आधी काही ठरवलेले नसताना आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना बचावाच्या हक्काची मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप याशिवाय तिसरी शिक्षा नाही. सदोष मनुष्यवधात कलम 105 खाली न्यायालयाला बराच वाव मिळतो. गिरणीवाला काही वर्षांनी घरी आला. पहिल्या दोन फटक्यांवर तो थांबला असता तर निर्दोष सुटला असता, असे माझे आजही मत आहे.

हाच धडा सर्वोच्च न्यायालयाच्या 1963 च्या जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या निकालात मोठ्या प्रमाणावर दिसतो. शेतजमिनीच्या ताब्यावरून जमाव चालून आला, आरोपींनी बंदुका चालवल्या. जमाव अंगावर असेपर्यंत हक्क होता. जमाव पळत सुटल्यावर पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना तो मिळाला नाही.

पळून जाण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे पळण्याची सक्ती नाही. अंगावर कोणी आला आणि तुम्ही जागा सोडली नाही, एवढ्यावरून तुमचा हक्क जात नाही. पण कलम 37 मधली एक अट लक्षात ठेवा: सरकारी यंत्रणेचे संरक्षण मिळवायला वेळ असेल तेव्हा हा हक्क उरत नाही. ‘उद्या पाहून घेतो तुला’ असे म्हणून कोणी गेला, तर आजची रात्र तुमच्याकडे आहे आणि पोलीस ठाणे उघडे आहे. त्याला गाठायला चार पोरे घेऊन तुम्ही त्याच्या गल्लीत गेलात की हल्लेखोर तुम्ही झालात. आणि दोन्ही बाजू तयारीने, काठ्या घेऊन भिडल्या असतील तर न्यायालय त्याला खुली मारामारी म्हणते. मग बचावाचा हक्क कोणालाच मिळत नाही, ज्याने जे केले त्याची जबाबदारी त्याच्यावर. दिवाणी वाद, धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे भांडण, भाऊबंदकी यांतून येणाऱ्या बहुतेक क्रॉस केसेस, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध केलेले गुन्हे, इथेच अडकतात. त्याच कलमात पोलीस किंवा इतर लोकसेवकांबद्दलही आहे: ते पदाच्या अधिकाराने, सद्भावनेने काही करत असतील, तर ती कारवाई तुम्हाला काटेकोरपणे कायदेशीर वाटत नसली तरी तिच्या विरोधात हात उचलता येत नाही. मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच.

यंत्रणेकडे जाण्याचा विषय निघाला की नागपूरकराच्या मनात एक तारीख येतेच. 13 ऑगस्ट 2004. कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायकांनी तिथला गुंड अक्कू यादव याला आमच्याच जिल्हा न्यायालयात, पोलिसांच्या ताब्यात असताना, ठार केले. त्या वस्तीने वर्षानुवर्षे काय भोगले होते ते तेव्हा सगळ्या देशाने वाचले. बलात्कार, खून, खंडणी, आणि तक्रार करणाऱ्याच्या घरावर पुन्हा हल्ला. 2014 मध्ये या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पुष्कळ लोक मला सांगतात की बघा, कोर्टाने स्वसंरक्षण मान्य केले. तसे झाले नाही. कोणी कोणता वार केला हे सिद्ध झाले नाही, म्हणून सुटका झाली. खाजगी संरक्षणाच्या कलमांत ती घटना बसवणे अवघड होते, कारण त्या क्षणी तो पोलिसांच्या ताब्यात होता. पण तो जामिनावर सुटून पुन्हा वस्तीत येईल ही भीती खोटी होती असे म्हणायची माझी हिंमत नाही. ‘यंत्रणेचे संरक्षण मिळवायला वेळ’ या शब्दांत कायदा गृहीत धरतो की दार ठोठावले की ते उघडेल. दार उघडत नसेल तर त्या अटीला अर्थ काय उरतो, हा प्रश्न त्या दिवसाने उभा केला आणि माझ्या मते कायद्याने त्याला अजून पुरते उत्तर दिलेले नाही.

म्हणून ज्यांच्यामागे गुंड लागला आहे त्यांना मी सांगतो की प्रत्येक तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली वरिष्ठांकडे लेखी जा, तिथेही झाले नाही तर 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम 126 आणि 129 खालची प्रतिबंधक कारवाई आहे, जिला आजही सगळे जुन्या आकड्यांनी 107 आणि 110 म्हणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी आहे. धोकादायक गुंडांना स्थानबद्ध करण्याचा एमपीडीए कायदा आहे. घरातच मारहाण होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. हे कागद आज तुम्हाला वाचवतीलच असे नाही. पण पुढे कधी तुमच्यावर हल्ला झाला आणि तुम्हाला हात उचलावा लागला, तर तुमची भीती वाजवी होती हे दाखवणारा याहून चांगला पुरावा नाही.

आता तुमचा गल्ला. मालमत्तेच्या बाबतीत कलम 41 चार प्रसंगी जीव जाईपर्यंतचा बचाव मान्य करते: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे किंवा स्फोटकाने उडवणे, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणे की ज्यात बचाव केला नाही तर मरण किंवा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती आहे. तुमची स्कूटर अडवून, चाकू दाखवून पैसे मागितले तर ती जबरी चोरी. पण मागून येऊन पिशवी हिसकली आणि पोरे पळाली, एवढेच झाले तर ती कलम 304 मधली हिसकावणूक. ते कलम नवे आहे, आणि कायद्याच्या नजरेत ती चोरीच आहे. तिथे तुम्ही पाठलाग करू शकता, पकडू शकता, पिशवी परत मिळवायला लागेल तेवढे बळ वापरू शकता. त्याला गाडीखाली घालू शकत नाही. पकडलेल्या चोराला विनाविलंब, आणि काहीही झाले तरी 6 तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचे असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 ने ही वेळ बांधून दिली आहे. खांबाला बांधून वस्तीने मारणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मारणाऱ्या प्रत्येकाचे नाव मोबाइलच्या व्हिडिओत असते.

घरातल्या चोराचेही तसेच. रात्री कुलूप तोडून, गज वाकवून किंवा भिंत चढून कोणी आत आला तर तो आत असेपर्यंत तुमचा हक्क पूर्ण आहे. अंधारात त्याच्या हातात पाना आहे की पिस्तूल आहे हे तपासत बसायची अपेक्षा नाही. पण गरजेपुरतेच बळ, ही कलम 37 ची अट इथेही लागू आहे. तो भिंतीवरून उतरून पळत असताना मागून सब्बल फेकून मारली, तर आपण पुन्हा गिरणीवाल्याच्या त्या दहा-बारा पावलांपाशी येतो.

शहराबाहेरच्या वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो, कारण उमरेड, भिवापूर, रामटेक, पारशिवनीकडची माणसे माझ्याकडे याच प्रश्नाने येतात. रानडुकरे पीक लोळवतात, म्हणून शेताच्या कुंपणात सरळ खांबावरून करंट सोडला जातो. पहाटे त्याला शेजारचा शेतकरी चिकटतो, कधी घरचाच माणूस, कधी वाघ. ‘मी माझे पीक वाचवत होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. रानडुक्कर गुन्हा करत नसते, त्यामुळे त्याच्याविरुद्ध मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा हक्क लागूच होत नाही. माणूस मेला तर निष्काळजीपणाचे कलम 106, आणि तार जीवघेणी आहे हे माहीत असून सोडली असे दिसले तर थेट सदोष मनुष्यवध. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11(2) मध्ये एक सवलत आहे: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला तर अपराध होत नाही, मात्र त्या वेळी तुम्ही त्याच कायद्याविरुद्ध काही करत नसावे. वाघ अंगावर आला आणि कुऱ्हाड चालवली, तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. त्या कलमात पीक नाही, गोठ्यातली गाय नाही. सौर कुंपणाचे झटका मशीन थांबून थांबून झटका देते आणि जीव घेत नाही. तोच मार्ग धरा. तारेत अडकून गेलेल्यांच्या घरी दोन्ही बाजूंनी आयुष्ये उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. मेलेला आणि कोठडीतला, दोघेही एकाच गावचे असतात.

जीव वाचवण्यासाठी निरपराध माणसाचा जीव घेता येतो का, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून छळतो. त्याचे सगळ्यांना ठाऊक असलेले प्रकरण 1884 मधले, इंग्लंडचे. मिन्योनेट नावाची नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली, चौघे जण छोट्या होडीत अडकले. अन्न नाही, पाणी नाही. बऱ्याच दिवसांनी डडली आणि स्टीफन्स या दोघांनी रिचर्ड पार्कर या 17 वर्षांच्या, आजाराने अर्धमेल्या झालेल्या पोराला मारले आणि त्याच्या मांसावर तिघे जगले. न्यायालयाने सांगितले की स्वतःचा जीव वाचवणे हे खुनाचे समर्थन होत नाही. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे 6 महिन्यांच्या कैदेवर आली. फरक स्पष्ट आहे: पार्करने कोणावर हल्ला केला नव्हता. आपल्या संहितेतही तीच रेघ आहे. मोठी हानी टाळायला सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम 19 संरक्षण देते, जीवे मारण्याच्या धमकीखाली केलेल्या कृतीला कलम 32 देते, पण त्या कलमातून खून वगळलेला आहे. तुमच्या डोक्याला पिस्तूल लावून कोणी तिसऱ्याला मारायला लावले, तर शिक्षेच्या वेळी ती परिस्थिती मांडता येते. निर्दोष सुटका त्यातून मिळत नाही.

घटना घडून गेल्यावर काय करायचे, यावर मी सगळ्यात जास्त जीव तोडून बोलतो. आधी 112 ला फोन करा, तुम्हीच, आणि लगेच. पहिला फोन कोणाचा होता हे खटला संपेपर्यंत विचारले जाते. जखमी हल्लेखोरासाठी रुग्णवाहिका मागा; ज्याने मदत बोलावली त्याचा हेतू जीव घेण्याचा नव्हता हे त्यातून दिसते. कपडे धुऊ नका, हत्यार उचलून लपवू नका. आणि स्वतःच्या अंगावरची बारीकशी जखमही नोंदवून घ्या. सरकारी रुग्णालय मेयो असो की मेडिकल, तळहातावरचा ओरखडा, दंडावरचा काळानिळा डाग, सगळे लिहून घ्यायला लावा. अटक झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी. लक्ष्मीसिंग विरुद्ध बिहार राज्य या 1976 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही तर त्यांनी घटनेचा उगम दडवला असा निष्कर्ष काढता येतो. मात्र जखम फार किरकोळ असेल तर एवढ्यावर भागत नाही. आणि कागदावर न आलेली जखम न्यायालयापुढे नसल्यातच जमा.

खोटे बोलू नका. गिरणीवाल्याने पोलिसांना आधी सांगितले होते की मी शटर लावून घरी गेलो होतो, मला काही माहीत नाही. घाबरलेला माणूस असेच बोलतो. पण ‘मी तिथे नव्हतोच’ आणि ‘मी जीव वाचवायला मारले’ ही दोन विधाने एका तोंडात बसत नाहीत. गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला राज्यघटनेच्या कलम 20(3) ने दिला आहे, तो वापरा. वकिलांशी बोलल्याशिवाय तपशीलात जाऊ नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. पण गप्प राहणे वेगळे आणि खोटी कहाणी रचणे वेगळे. त्या खटल्यात आम्ही तरलो ते मुन्शीराम विरुद्ध दिल्ली प्रशासन या 1968 च्या निकालामुळे. आरोपीने स्वतः हा बचाव घेतला नसला तरी नोंदीवरच्या पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यायला हवा, असे त्यात आहे. समोरच्या पानठेल्यावरच्या साक्षीदाराने उलटतपासणीत चाकू आधी निघाला हे कबूल केले, आणि तिथून वाट सापडली. साक्षीदार वेगळे बोलला असता तर ती वाटही बंद होती.

सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे आरोपीवर असतो, हे ऐकून लोक हबकतात. हा भार सरकार पक्षाइतका जड नाही. सरकार पक्षाला गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. तुम्हाला एवढेच दाखवायचे असते की असे घडले असण्याची शक्यता अधिक आहे. आणि ते फिर्यादीच्याच साक्षीदारांच्या तोंडून, पंचनाम्यातून, 17 नंबरच्या रकान्यातून दाखवता येते.

राहता राहिला मुलाचा चाकू. ठेवू देऊ नका. नागपुरात पोलीस आयुक्तांचे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे हत्यारबंदीचे आदेश निघत असतात. आदेश लागू असताना चाकू बाळगला तर कलम 135 लागते आणि बऱ्याचदा जोडीला शस्त्र अधिनियमाचे कलम 4 आणि 25. पण माझी हरकत त्याहून मोठी आहे. शटरचा आकडा, हेल्मेट, स्कूटरची चावी ही हाताशी सापडलेली वस्तू असते आणि ती तशीच दिसते. खिशातला चाकू न्यायालयात तयारी म्हणून वाचला जातो, आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या अपवादाला ‘आधी काही ठरवलेले नसताना’ ही अट आहे. शिवाय ज्याने कधी चाकू चालवला नाही त्याच्या हातून तो समोरचा सराईत पोरगा काढून घेतो, आणि मग तोच चाकू तुमच्या मुलावर चालतो. त्यापेक्षा गल्ला रोज रात्री नेऊ नका, जमेल तेवढी वसुली यूपीआयवर घ्या, वेळ आणि रस्ता बदलत राहा, दोघे जण निघा. आणि मागच्या वेळी गाडी अडवण्याचा जो प्रयत्न झाला त्याची लेखी तक्रार तुम्ही अजून दिलेली दिसत नाही. ती उद्या सकाळी द्या. गाडीचा रंग, वेळ, जागा, ट्रक कोणत्या बाजूने आला, जेवढे आठवते तेवढे लिहा आणि पोच घेऊन दुकानाच्या फायलीत लावा.